प्रभावतीगुप्ता : कादंबरीतली आणि ताम्रपटातली

तापीकाठची

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली, सध्या जळगावला बीएस्सीला आहे. इतिहास हा माझा विषय नाही. मावशीने वाढदिवसाला एक जाडजूड कादंबरी दिली, प्रभावतीगुप्तेवरची, तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते इथे ओततेय. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही. लेखकाचे चाहते इथे असणार, आणि मला भांडायचंय ते पुस्तकाशी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: प्रभावती ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. आई कुबेरनागा, नाग घराण्यातली. लग्न विदर्भातल्या वाकाटक राजाशी, दुसऱ्या रुद्रसेनाशी. तो लवकर गेला, मुलं लहान, आणि पुढे कितीतरी वर्षं राज्य हिनेच चालवलं. चौथ्या शतकाचा शेवट आणि पाचव्याची सुरुवात, असा तो काळ.

आता कादंबरी. दोन तृतीयांश पुस्तक लग्नाच्या आधीचं आहे. पाटलीपुत्र, उपवन, सखी, वीणा, आणि अर्थातच कालिदास. तो श्लोक म्हणतो, ही लाजते. ती सासरी निघते तेव्हा तो मागे राहतो आणि त्या विरहातून मेघदूत सुचतं. वाचताना मजा आली, खोटं कशाला बोलू. एका रात्रीत निम्मं संपवलं आणि रुद्रसेन जातो तिथे रडलेसुद्धा. पण नवरा गेल्यावर पुस्तक भरभर संपायलाच लागतं. राज्यकारभाराला एक प्रकरण. त्यातही ती गवाक्षात उभी राहून जुन्या आठवणी काढते आणि कारभार एक म्हातारा अमात्य बघतो.

मला वाटलं, एवढंच असेल का? म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयात शोधलं. प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे सगळे लेख १९६३ साली एकत्र छापले, तो खंड मिळाला. संस्कृतच्या मॅडमना बसवून तिचा पुण्याचा ताम्रपट ओळीने वाचून घेतला. नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या रामटेकजवळच्या नगरधनहून दिलेला. कार्तिक शुद्ध द्वादशीला, आपल्याकडे एकादशी सोडतात त्या दिवशी, तिने दंगुण नावाचं गाव चनालस्वामी नावाच्या आचार्याला दान दिलं. मिराशी म्हणतात दंगुण म्हणजे हिंगणघाट.

आणि मग चतुःसीमा. विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला. बाबांनी केळीचं शेत घेतलं तेव्हाचं खरेदीखत मी वाचलंय, अगदी तस्संच! त्यापुढे सवलती. गावात शिपाई शिरणार नाहीत. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याला गवत, बसायला कातडं, कोळसा द्यावा लागणार नाही. फुलं-दूध द्यावं लागणार नाही. मीठ खणण्याचा राजाचा हक्क इथे चालणार नाही. म्हणजे बाकीच्या गावांना हे सगळं द्यावं लागत होतं आणि कोणाला माफ करायचं ते हिच्या हुकमावर ठरत होतं.

सगळ्यात भारी गोष्ट वंशावळीची. या पत्रात सासरची वंशावळ नाहीच. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त, मग मी. सासरचा फक्त नवरा, मग मुलगा. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध, ही मात्र स्वतःचं गोत्र धारण सांगते, म्हणजे माहेरचं. सोळाशे वर्षांपूर्वी!

माझं म्हणणं एवढंच. कालिदासाबद्दल पुरावा गप्प आहे, तिथे लेखकाने हवं ते लिहावं. पण जिथे ती स्वतः बोललीय तिथे तिला गप्प करून गवाक्षात का उभं करायचं?

---

मेहरूणची_बोरं

छान लिहिलंस ग. पण मी त्या कादंबरीची चाहती, त्यामुळे थोडं भांडते. (नाव न देताही ओळखलं, वीणा म्हटलीस तिथेच.)

मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला वाकाटक हा शब्द माहीत नाही. पाठ्यपुस्तकात दोन ओळी असतात, त्या परीक्षेनंतर उडून जातात. तू ग्रंथालयात गेलीस ती कोणामुळे? त्या वीणेमुळेच ना! कादंबरीने दार उघडलं, आता आत गेल्यावर दारालाच शिव्या देतेयस.

आणि विरह वाईट असतो का? मला रुद्रसेनाच्या मृत्यूनंतरचं पान आजही पाठ आहे.

---

शेवभाजी_स्पेशल

ऐतिहासिक कादंबरीत राजकन्या असेल तर सखी असतेच. सखी असेल तर उपवन असतंच. उपवनात कोणीतरी काव्य म्हणतंच. हा आपला मराठी कादंबरीचा ताम्रपट आहे ताई, आचंद्रार्क चालणार.

---

उपरणे_सांभाळून

धागाकर्तीचं कौतुक. मूळ लेखापर्यंत जाणारे तरुण वाचक आजकाल विरळा. पण निष्कर्षाला जरा लगाम घालायला हवा.

"ती स्वतः बोललीय" हे तुम्ही गृहीतच धरलंत. ताम्रपट म्हणजे दप्तराचा मसुदा. शिपाई शिरणार नाहीत, गवत-कातडं-कोळसा नाही, मीठ नाही, ही सगळी यादी वाकाटकांच्या दुसऱ्या दानपत्रांतही जवळजवळ तशीच आहे. कारकुनाने साच्यातून काढलेली. त्यात बाईचा आवाज ऐकू येतो म्हणणं हीसुद्धा एक कादंबरीच झाली, फक्त तुम्ही लिहिलेली.

दुसरं. त्याच ताम्रपटाची मुद्रा पाहिलीत का?

वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः ।
जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम् ॥

वाकाटकांचं भूषण असलेल्या, क्रमाने राज्यलक्ष्मी मिळालेल्या युवराजाच्या आईचं हे शासन, शत्रूला शासन करणारं. तिचं नाव कुठे आहे? युवराजाची आई, संपलं. अधिकार येतोय तो मुलाच्या नावावरून. तुमच्या कादंबरीकाराने तिला गवाक्षात उभं केलं, तर मुद्रेने मुलाच्या मागे उभं केलंय.

---

तापीकाठची

@मेहरूणची_बोरं ताई, दाराला शिव्या नाहीत हो. दार उघडून आत अंधार का ठेवला, एवढंच विचारतेय :)

@उपरणे_सांभाळून काका, मुद्रा पाहिली आणि वाईटही वाटलं. साच्याचं म्हणणं पटतं, कोळशाची यादी सगळीकडे आहे. पण मग वंशावळ कुठल्या साच्यातून आली? तिच्या मुलाच्या, दुसऱ्या प्रवरसेनाच्या पत्रांत वाकाटकांची वंशावळ आहे, रीतसर. हिच्या स्वतःच्या पत्रांत मात्र गुप्तांची. दप्तर तेच, कारकून त्याच परंपरेतले. साचा कोणीतरी बदलायला सांगितल्याशिवाय बदलत नाही. आमच्या तलाठ्याकडे एक काना बदलून घ्यायला किती फेऱ्या होतात ते घरी बघितलंय.

आणि नाव हवं असेल तर नगरधनला आहे. २०१५ ते २०१८ मध्ये तिथे उत्खनन झालं, राज्य पुरातत्त्व संचालनालय आणि डेक्कन कॉलेजने केलेलं. त्यात एक मातीची मुद्रा मिळाली, लंबगोल, वजन जेमतेम साडेसहा ग्रॅम. म्हणजे आपल्या कानातल्या झुमक्याएवढं. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मीत नाव आहे, प्रभावतीगुप्ता. युवराज नाही, आई नाही. ही असली मुद्रा सामानाला किंवा पत्राला बांधलेल्या दोरीवर दाबत असत. रोजच्या कामाची वस्तू. दानपत्रावर युवराजाची आई आणि रोजच्या कामात स्वतःचं नाव, यात कादंबरीला केवढा मसाला आहे!

---

उपरणे_सांभाळून

नगरधनची मुद्रा चांगली काढलीत. तो मुद्दा मान्य.

वंशावळीबद्दल थोडी भर घालतो, कारण तिचं महत्त्व याहून मोठं आहे. हा ताम्रपट पुण्यात एका तांबट कुटुंबाकडे होता, मूळचे नगरचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षितांनी तो प्रसिद्ध केला. त्याआधी प्रवरसेनाच्या पत्रांवरून एवढंच ठाऊक होतं, की त्याची आई महाराजाधिराज देवगुप्ताची मुलगी. हा देवगुप्त कोण? फ्लीटसारख्या मोठ्या अभ्यासकाने त्याची सांगड सातव्या शतकातल्या मगधच्या देवगुप्ताशी घातली होती, आणि अख्खं वाकाटक घराणं आठव्या शतकापर्यंत खाली ढकललं गेलं होतं. प्रभावतीने माहेरची वंशावळ सांगितली म्हणून देवगुप्त म्हणजेच दुसरा चंद्रगुप्त हे कळलं, आणि घराणं सुमारे तीनशे वर्षं मागे, आपल्या जागी गेलं. अजिंठ्याचा काळ ठरवतानासुद्धा याचा आधार लागतो.

मात्र याला "माहेरचा अभिमान" म्हणायची घाई नको. चंद्रगुप्त त्या काळचा सर्वात बलाढ्य राजा. पोरक्या राज्यात बाहेरच्या शत्रूला आणि घरातल्या भाऊबंदांना "माझा बाप कोण आहे ते बघा" असं सांगणं हे शुद्ध राजकारण असू शकतं.

---

तापीकाठची

काका, राजकारण असेल तर फारच उत्तम! कादंबरीत नेमकं तेच नाहीये ना. तिला राजकारण येत होतं हेच तर मला वाचायचं होतं.

---

आहिरानी_मानूस

बहीन, माले गंज आवडनं तुन्हं लिखेल. पोर हुशार शे.

आता मराठीत विचारतो. हे सगळं विदर्भातलं झालं. आपल्या खान्देशात या वाकाटकांचं काय? का आपण नुसतं कापूस आणि केळी?

---

पांझराकाठ

@आहिरानी_मानूस, भो, आपल्याकडे आहे की. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर माहितीय ना, तापीवरचं? तिथे वाकाटक राजा हरिषेणाचा ताम्रपट सापडला. तोही मिराशींनीच वाचून छापला. हरिषेण म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, वाशिमची शाखा. प्रभावतीची नंदिवर्धनची शाखा वेगळी, आणि हरिषेण तिच्यानंतर दोन-तीन पिढ्यांनी, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात.

आणि अजिंठा. जिल्हा पलीकडचा असला तरी रेल्वेने येणारा माणूस आधी जळगावलाच उतरतो. सोळा नंबरचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने खोदवलं, लेखात घराण्याची वंशावळ आहे. सतरा नंबरचं लेणं मात्र हरिषेणाच्या मांडलिकाने खोदवलं, आणि तो ऋषीक देशाचा राजा असं अभ्यासक मानतात. ऋषीक म्हणजे मिराशींच्या मते आपलं खान्देश. म्हणजे सतरा नंबरची ती सगळी चित्रं, विश्वंतर जातक, सिंहल अवदान अशा बौद्ध कथांची, ही आपल्या भागातल्या राजाच्या पैशातून.

त्या लेखात एक गोष्ट आहे, ती या धाग्यात सांगावीशी वाटते. या राजाला धाकटा भाऊ होता, रविसांब. दोघांनी मिळून शत्रूला जिंकलं. मग धाकटा भाऊ वारला, आणि थोरल्याचं मन राज्यावरून उडालं, दानधर्माकडे वळलं, असं लेखात म्हटलंय. लेणं त्यानंतरचं. विटलेल्या दगडात बरीच अक्षरं गेलीत, पण भावाचं नाव राहिलंय.

---

चाळीसगाव_पॅसेंजर

आमच्या तालुक्याचाही नंबर लावतो. पाटणादेवीजवळ पाटणला शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून मठ काढला, त्याला काय काय दान मिळालं, आणि घराण्यातल्या पुरुषांची वंशावळ.

आता गावात कोणालाही विचारा, शिलालेखाबद्दल कोणी सांगणार नाही, लीलावतीची गोष्ट मात्र दहा जण सांगतील. लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्र, त्यात पडलेला मोती, मुहूर्त चुकला, पोरीच्या नावाने गणिताचं पुस्तक. ही गोष्ट कुठून आली? अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावतीचं फारसीत भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत. म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. मूळ ग्रंथात "बाले लीलावति" असं संबोधन आहे, तेवढ्यावर उभारलेला इमला.

आणि तरी मी गोष्टीच्या बाजूने आहे. मोती नसता तर भास्कराचार्यही चांगदेवाच्या मठासारखेच विसरले गेले असते.

---

तापीकाठची

@चाळीसगाव_पॅसेंजर दादा, लीलावती कोण होती याबद्दल ग्रंथ काहीच सांगत नाही, म्हणून मोती चालतो. माझी तक्रार असती कधी, जर लीलावतीने स्वतः गणिताचा ग्रंथ लिहिला असता आणि गोष्टीत ती फक्त मोत्यासाठी रडली असती तर.

---

दौतटाक

मी कथा लिहितो, छापूनही आल्यात चार, त्यामुळे लेखकाच्या वतीने बोलतो. इथे सगळे ताम्रपट वाचताहेत, पण तुम्ही कधी चतुःसीमेचा प्रसंग लिहून बघितलाय? राणी बसलीय, कारकून वाचतोय, "विलवणकाच्या पूर्वेस…" वाचक तिसऱ्या ओळीला मोबाईल उघडतो. प्रेम लिहिणं आळस नसतो दर वेळी. प्रेमात दोन माणसं समोरासमोर असतात आणि दोघांना काहीतरी हवं असतं. दानपत्रात कोण कोणासमोर आहे? तेवढं सांगा, मी उद्या लिहायला बसतो.

---

तापीकाठची

@दौतटाक, सांगते, बसाच.

पुण्याचा ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे. त्यात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणते. तेरा वर्षं झाली तरी मुलगा युवराजच, राजा नाही. का? लहान होता? आजारी होता? का आईने खुर्ची सोडली नाही? आणि सोडली नाही तर मुलाला काय वाटत होतं? द्वादशीच्या सकाळी दान द्यायचंय, मुद्रेवर "युवराजाची आई" आहे, आणि तो युवराज शेजारी उभा आहे. हे घ्या तुमचे दोन समोरासमोर.

आता पुढचं. दुसरं दानपत्र रिद्धपूरला सापडलं, रामगिरीस्वामीच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, पायाशी बसून दिलेलं, प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातलं. मुलगा राजा झाल्यावरही ती स्वतःच्या नावाने पत्र देतेय, पुन्हा गुप्तांची वंशावळ, पुन्हा धारण गोत्र. पण आता ती आई आहे दामोदरसेन आणि प्रवरसेनाची. दिवाकरसेन त्यात नाही. तो राजा झाल्याचा कुठेच उल्लेख नाही. तेरा वर्षं ज्याच्या नावाने राज्य केलं तो मुलगा दोन पत्रांच्या मधे कुठेतरी गेला.

मी वाचलेल्या कादंबरीत हे दीड पानात उरकलंय. ज्वर, वैद्य, शेवट. पुढच्या परिच्छेदात प्रवरसेनाचा राज्याभिषेक.

पांझराकाठ दादांनी रविसांबाचं सांगितलं तेव्हापासून मी हाच विचार करतेय. भाऊ गेला म्हणून त्या राजाने लेखात दुःख कोरून घेतलं, आख्खं लेणं खोदवलं. हिचा मुलगा गेला आणि हिने पुढच्या पत्रातून त्याचं नाव काढलं. काढलं का काढायला लावलं, हे पुरावा सांगत नाही. कादंबरीकाराला याहून मोठी मोकळी जागा कुठे मिळणार? तिथे कालिदासाचीही गरज नाही.

---

मेहरूणची_बोरं

अगं बाई. ते दीड पान मला आठवतसुद्धा नव्हतं. आत्ता पुस्तक काढून बघितलं, खरंच ज्वर आणि वैद्य.

पण ही राणी तू म्हणतेस तशी लिहिली तर ती वाचकाला आवडेल का, मला शंका आहे. मुलाला खुर्ची न देणारी आई! आपल्याकडे आईला एवढी सूट नाही.

---

उपरणे_सांभाळून

एक दुरुस्ती, नाहीतर कथाकार त्यावर प्रकरण उभं करतील. दामोदरसेन आणि प्रवरसेन हे दोन भाऊ की एकाच राजाची दोन नावं, यावर वाद आहे. राज्यावर आल्यावर पणजोबांच्या आजोबांचं गाजलेलं नाव, प्रवरसेन, घेतलं असावं असं काहींचं मत.

आणि मुलीला विसरू नका. रामटेकच्या केवल नरसिंहाच्या देवळात भग्न शिलालेख आहे. अभ्यासकांच्या वाचनानुसार प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी केलेल्या कामाची ती नोंद आहे. मुलांनी लेख दिले ते स्वतःच्या राज्यवर्षांचे, आईची आठवण दगडात घातली ती मुलीने.

---

तापीकाठची

मुलगी!! कादंबरीत तिला मुलगीच नाहीये काका.

@मेहरूणची_बोरं ताई, आवडायलाच हवी असं कुठेय. मला तर तशीच जास्त आवडेल. याच प्रवरसेनाने पुढे माहाराष्ट्री प्राकृतात सेतुबंध लिहिलं. रामायणावरचं काव्य, लंकेपर्यंत सेतू बांधण्याचं. राज्य करायला तयार केलेला मुलगा कवी निघाला आणि आईचं पत्र अजून चालूच. जेवायला बसल्यावर काय बोलत असतील ही दोघं?

---

शेवभाजी_स्पेशल

"आई, मुद्रा दे." "आधी सेतू बांधून हो."

---

दौतटाक

@तापीकाठची, द्वादशीची सकाळ घेतली. मुलगा शेजारी उभा, हे माझं. कारकून चतुःसीमा वाचत असताना मुलगा मधेच एका गावाचं नाव दुरुस्त करतो, कारण त्याने ते गाव प्रत्यक्ष पाहिलंय आणि आईने नाही. तिथून सुरू करतो. जमलं तर इथेच टाकतो, नाही जमलं तर विचारू नका.

---

आहिरानी_मानूस

थाळनेरले जावानं शे माले या दिवाळीमा. तो ताम्रपट तठे बघाले भेटी का?

---

पांझराकाठ

नाही भो, ताम्रपट तिथे नाही. किल्ल्याचे अवशेष आहेत आणि फारुकी सुलतानांच्या कबरी, त्या मात्र चुकवू नका. शिरपूरहून जवळ आहे. पोरांना घेऊन जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, तापीकाठी दुपारचं ऊन दिवाळीतही लागतं.